फुंकर मारायला लाज कशाची?



माझ्या अब्बांनी भिवंडीत तीस वर्षं यंत्रमाग चालवला. घरी यायचे तेव्हा भुवयांवरसुद्धा कापसाचे तंतू असायचे. ते खोकायचे आणि आम्ही म्हणायचो, मागवाल्यांना खोकला असायचाच. जिन्यात मध्येच थांबू लागले, तर वयाला दोष दिला. छातीचा एक्स-रे साफ आला आणि सगळे निश्चिंत झालो.

शेवटी एका डॉक्टरांनी स्पायरोमेट्री सांगितली. अब्बांनी विचारलं, "सुई टोचणार का? बेशुद्ध करणार का?" यातलं काहीच होत नाही. खुर्चीवर बसवतात, नाकाला चिमटा लावतात आणि तोंडात नळी देतात. छाती भरून श्वास घ्यायचा, ओठ नळीवर घट्ट मिटायचे आणि जोर लावून एका दमात सगळी हवा बाहेर सोडायची. निदान सहा सेकंद. असं किमान तीनदा. थोडं गरगरतं, खोकला येतो. तसं झालं तर सांगायचं, थोडं थांबतात.

अब्बांनी आधी चहा निवावा तशी फुंकर मारली. चारचौघांत जोर लावायला त्यांना लाज वाटत होती. तंत्रज्ञ मुलगी ओरडली, "चाचा, जोरात! अजून, अजून!" ती रागावलेली नव्हती. आपण जोर लावला नाही, तर आकडा खोटा येतो.

मग श्वासातून औषध देऊन पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा फुंकायला लावलं. निरोगी माणसाची बरीचशी हवा पहिल्याच सेकंदात बाहेर पडते. अब्बांची औषधानंतरही जेमतेम निम्मी पडली. श्वासनलिका अरुंद झाल्या होत्या. एक्स-रेमध्ये हे दिसलंच नव्हतं.

जाताना सैल कपडे घाला, पोटभर जेवू नका, बीडी-सिगारेट टाळा. पंप घेत असाल तर तो कधी थांबवायचा, हे डॉक्टरांना आधी विचारा. नुकताच हार्ट अटॅक आला असेल, डोळ्याचं, छातीचं किंवा पोटाचं ऑपरेशन झालं असेल, तर तेही सांगा.

आज अब्बा नियमित पंप घेतात, बीडी सुटली आहे. पण गेलेला दम पूर्ण परत येत नाही. दहा वर्षं आधी त्यांना नेलं असतं तर, हा प्रश्न मला सोडत नाही.

तुमच्या घरात मागावर, भट्टीवर किंवा चुलीपुढे आयुष्य काढलेलं कुणी खोकत असेल, तर वयाला दोष देऊ नका. त्यांचा हात धरून तपासणीला घेऊन जा.