हदस्सा : एका झुडपाचं नाव



पेरूचं पान उजेडासमोर धरून पाहिलंत, तर त्यात बारीक पारदर्शक ठिपके दिसतील. त्या तेलाच्या ग्रंथी. पान चुरगळलं की दरवळतो तो वास तिथलाच. पेरू, जांभूळ, लवंग, निलगिरी यांच्याच कुळातलं एक झुडूप भूमध्य समुद्राभोवती वाढतं. इंग्रजीत त्याला मर्टल म्हणतात. सदाहरित, दाट, पांढऱ्या फुलांचं, निळसर काळ्या फळांचं. युनानी वैद्यकात ही फळं 'हब्बुल आस' म्हणून ठाऊक आहेत. हिब्रू भाषेत या झुडपाला म्हणतात हदस आणि त्यावरून मुलीचं नाव ठेवतात, हदस्सा.

या नावाची सर्वांत प्रसिद्ध मुलगी म्हणजे एस्तेर. आईबापांविना वाढलेली ही मुलगी इराणच्या बादशहाची राणी झाली आणि तिनं आपल्या ज्यू लोकांची कत्तल टाळली, अशी कथा बायबलमध्ये आहे. 'हदस्सा म्हणजेच एस्तेर' असं तिथं सांगितलंय. मग दोन नावं कशाला? तालमूद या ज्यू धर्मग्रंथात धर्मपंडितांनी यावर वाद घातला. एक म्हणाला, सज्जनांना हदस म्हणायची रीतच आहे. दुसरा म्हणाला, ती ना उंच ना ठेंगणी, हदसासारखी मध्यम बांध्याची होती. तिसरा म्हणाला, तिचा वर्ण हिरवट, फिका होता. पण तिच्यावर कृपेचा एक धागा ओढलेला होता. मला हा तिसरा अर्थ फार मोलाचा वाटतो. राणीच्या रूपाचं कौतुक करण्याची संधी असूनही त्या पंडितानं तिच्यावरची कृपा पाहिली.

एस्तेरची आठवण म्हणजे पुरीमचा सण. आपल्या कोकणातले बेने इस्राएल ज्यू, ज्यांना गावोगावी 'शनिवार तेली' म्हणत, ते याला 'होळीचा सण' म्हणत. कारण तो होळीच्या सुमारासच येतो.

हदसाचा खरा मान मात्र सुक्कोत या सणात. भूमध्य समुद्राकाठच्या पावसाळ्याच्या तोंडावर येणाऱ्या या सणात चार वनस्पती एकत्र हाती धरतात. खजुराचा न उलगडलेला कोंब, हदसाच्या तीन डहाळ्या, वाळुंजाच्या दोन आणि एक महाळुंग. हदसाची डहाळी निवडणं हे नजरेचं काम. साधारणपणे त्याची पानं जोडीनं येतात. पण सणाला हवी ती एकाच पेरावर तीन तीन पानं असलेली. घेणारा डहाळी फिरवून फिरवून एकेक पेर तपासतो.

या चौघांचा अर्थ मिद्राश या जुन्या ज्यू धर्मभाष्यात सांगितलाय. महाळुंगाला चवही आहे नि वासही: विद्या आणि सत्कर्म दोन्ही असलेली माणसं. खजुराला चव आहे, वास नाही: नुसतीच विद्या. हदसाला वास आहे, चव नाही: विद्या नसेल, पण हातून चांगलं घडतं. वाळुंजाला दोन्ही नाही. देव म्हणतो, सगळ्यांना एकत्र बांधा. एकमेकांची उणीव भरून निघेल. एकही कमी असला, तर विधी पुरा होत नाही.

हदस्सा हे नाव पुढं एका संघटनेलाही मिळालं. 1912 साली न्यूयॉर्कमध्ये हेन्रिएटा झोल्ड आणि त्यांच्या मैत्रिणींनी एक महिला संघटना उभारली. दिवस पुरीमच्या वेळचा, म्हणून नाव घेतलं हदस्सा. पुढच्याच वर्षी त्यांनी दोन परिचारिका जेरुसलेमला पाठवल्या. बाळंतिणींची काळजी आणि डोळ्यांच्या खुपऱ्यांवर उपचार, हे त्यांचं काम. आज त्याच नावाची मोठी रुग्णालयं तिथं उभी आहेत.

श्रोतेहो, ग्रंथ न वाचताही माणूस चांगला असू शकतो, हे मानायला पंडितांना मोठं मन लागतं. मिद्राशातल्या त्या पंडितांजवळ ते होतं. म्हणूनच त्यांनी हदसाला पंडिताच्या बरोबरीनं, एकाच जुडीत बांधलं. आपल्या आसपासच्या अशा माणसांनाही आपण तोच मान द्यायला हवा.