हायझेन्थलेचं निवेदन

रिचर्ड अ‍ॅडम्स यांची ‘वॉटरशिप डाउन’ (१९७२) मी शाळेत अधाशासारखी वाचली होती. अलीकडे पुन्हा वाचली. गोष्ट इंग्लंडमधल्या सशांची, त्यांच्याच नजरेतून. अ‍ॅडम्सनी आधी आपल्या दोन मुलींना प्रवासात सांगितलेली. माणसं बिळं बुजवणार याची चाहूल लागून काही नर ससे बाहेर पडतात, नवी वसाहत उभारतात. मग त्यांच्या ध्यानात येतं, आपल्यात मादी एकही नाही! पिल्लं कशी होणार? म्हणून माद्या आणायच्या. म्हणजे गरज पिल्लांची.

या खेपेला मी एफ्राफापाशी थांबले. जनरल वूंडवर्टच्या त्या कडक शिस्तीच्या वसाहतीत गर्दी इतकी, की माद्यांचे गर्भ पोटातच जिरतात. (खऱ्या सशांतही हे घडतं.) हायझेन्थले इतर माद्यांना घेऊन मंडळापुढे जाते, वसाहत सोडून जायची परवानगी मागते. नकार मिळतो. निवेदन देऊन हात हलवत परतणं आपल्याला काही नवं नाही. बिगविग हा नर सुटकेचा बेत घेऊन येतो तो त्यानंतर. बेताला माणसं, म्हणजे माद्या, तीच जमवते.

१९९६च्या ‘टेल्स फ्रॉम वॉटरशिप डाउन’मध्ये अ‍ॅडम्सनी तिला हेझलच्या जोडीनं प्रमुख केलं. चोवीस वर्षं लागली!