पुन्हा तरुण होता आले तर : धर्मानंद कोसंबींच्या 'निवेदना'च्या निमित्ताने



पन्नाशी उलटलेली चार माणसे एकत्र बसली की 'पुन्हा तरुण होता आले तर काय कराल' हा प्रश्न कधी ना कधी निघतोच. उत्तरेही बहुधा ठरलेली असतात. कोणी संस्कृत पक्के करीन म्हणतो, कोणी देश पायाखाली घालीन म्हणतो, तर कोणी नोकरीच्या मागे न लागता एकाच विषयात बुडून जाईन असे सांगतो. संसाराचा उल्लेख या उत्तरांत सहसा येत नाही. तो जणू कोणीतरी चालवणारच असतो!

या प्रश्नाचा गंभीरपणे विचार करायचा तर आपल्या ग्रंथालयाच्या आत्मचरित्र विभागातील एक पुस्तक हाती घ्यावे. ते म्हणजे धर्मानंद कोसंबी यांचे 'निवेदन'. ते १९२४ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. इतरांनी उतारवयात ज्या इच्छा बोलून दाखवायच्या, त्या या गृहस्थांनी ऐन तारुण्यात अमलात आणल्या. 'वेगळे काय केले असते' याचे जगून दाखवलेले उत्तर म्हणून या पुस्तकाकडे पाहता येते.

कोसंबींचा जन्म १८७६ साली गोव्यातील साखवाळ या गावी झाला. शालेय शिक्षण तुटपुंजे, प्रकृती नाजूक आणि हाती काम घरच्या नारळीच्या बागेचे. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे लहान वयातच लग्नही झालेले. त्यांचे आयुष्य त्या बागेतच सरले असते तर कोणाला आश्चर्य वाटले नसते. पण १८९७ च्या सुमारास 'बालबोध मेवा' या मासिकातील बुद्धचरित्रावरचा एक लेख त्यांच्या वाचनात आला. येथे क्षणभर थांबले पाहिजे. हे मासिक मुलांसाठी होते आणि ते अमेरिकन मराठी मिशनचे होते. ख्रिस्ती मिशनऱ्यांनी मुलांसाठी काढलेल्या मासिकामुळे गोव्यातील एका विशीच्या सारस्वत तरुणाला बुद्धाचा ध्यास लागला. कोणते पुस्तक कोणाच्या हातात पडून काय करील, याचा हिशेब ग्रंथपालालाही मांडता येत नाही.

१८९९ च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. पुण्यात डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांची भेट झाली. पुढे ते ग्वाल्हेरमार्गे काशीला गेले आणि तेथे अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. १९०२ साली नेपाळ गाठले, पण ज्या बौद्ध धर्माच्या शोधात ते गेले होते तो तेथे न आढळल्याने निराश होऊन परतले. त्याच वर्षी ते सिंहलद्वीपास पोहोचले. कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगल महाथेरांजवळ त्यांचे पालीचे अध्ययन झाले. पुढे ब्रह्मदेशचाही प्रवास घडला. बंगालमध्ये अध्यापनाची जागा मिळाली असताना त्यांनी ती सोडली. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी देऊ केलेले दरमहा ५० रुपयांचे साहाय्य त्यांनी पत्करले, कारण त्यात महाराष्ट्रात राहून काम करण्याची सोय होती. १९१० मध्ये 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी ते हार्वर्ड विद्यापीठात गेले. परतल्यावर १९१२ पासून काही वर्षे त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवली. पु. वि. बापटांसारखे अभ्यासक तेथेच घडले. महाराष्ट्रात पालीच्या अध्ययनाला जे बळ आले त्याचा उगम इथे आहे.

ही एक बाजू झाली. दुसरी बाजू बाळाबाईंची. पती निघून गेले तेव्हा थोरली मुलगी माणिक तान्ही होती. पुढची सुमारे सात वर्षे पती परमुलखात होते. काशीतील अन्नछत्र, नेपाळची वाट, सिंहलद्वीपातील विहार या साऱ्यांची वर्णने 'निवेदना'त आहेत. त्याच काळात गोव्यातील घरी दिवस कसे गेले हे सांगणारे तितकेच सविस्तर पुस्तक मात्र आपल्या कपाटात नाही. कोसंबी प्रांजळ लेखक आहेत, स्वतःचे दोष ते झाकत नाहीत. तरीही नवऱ्याने लिहिलेल्या आत्मचरित्रात बायकोची सात वर्षे मावणे कठीणच.

ही उणीव किती मोठी आहे, हे लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'मुळे कळते. रेव्हरंड टिळकही न सांगता घरातून निघून जाणारे होते. १८९५ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, त्यानंतर पतिपत्नींची काही वर्षे ताटातूट झाली. पण लक्ष्मीबाईंनी लेखणी हाती घेतली आणि मागे राहिलेल्या माणसाचे आयुष्य मराठीत प्रथमच इतक्या हसऱ्या आणि बोचऱ्या भाषेत उभे राहिले. बाया कर्वे यांचे 'माझे पुराण' १९४४ चे. अण्णासाहेब कर्व्यांच्या 'आत्मवृत्ता'शेजारी ते ठेवून वाचले म्हणजे एका थोर संस्थेची किंमत स्वयंपाकघरात कशी मोजली गेली ते दिसते. बाळाबाईंच्या वाट्याला अशी लेखणी आली नाही.

मग कोसंबींनी जायलाच नको होते काय? असे म्हणणे सोपे आहे, पण ते न्यायाचे नाही. ते न जाते तर मराठी वाचक 'भगवान बुद्ध'सारख्या ग्रंथाला मुकला असता. शिवाय १९०६ मध्ये ते परतले आणि संसाराचा धागा त्यांनी पुन्हा जोडला. दामोदर धर्मानंद कोसंबी, गणिताचे आणि इतिहासाचे ते विख्यात अभ्यासक, १९०७ साली गोव्यातच जन्मले. परंतु तारुण्य परत मागणाऱ्याने आपल्या यादीत संस्कृत, प्रवास आणि ग्रंथ यांच्याबरोबर घरातल्या माणसाचे नावही लिहावे. ते माणूसही पुन्हा तरुण होणार आहे आणि त्यालाही काही वेगळे करावेसे वाटेल, हे आपण विसरतो. बाळाबाईंना कोणी हा प्रश्न विचारला असता तर त्यांनी काय सांगितले असते? कदाचित त्यांनाही काशी पाहायची असेल.

१९१८ मध्ये कोसंबी पुन्हा अमेरिकेस निघाले तेव्हा त्यांनी माणिक आणि दामोदर या दोन मुलांना शिक्षणासाठी बरोबर नेले. ज्या मुलीला तान्ही असताना मागे ठेवले होते, तीच आता वडिलांच्या सोबत समुद्र ओलांडून शिकायला चालली होती. बाळाबाई धाकट्या मुलींसह इकडेच राहिल्या.