पेशीचें अभयपत्र

बंड पुकारणाऱ्याच्या हातीं राजमुद्रेचें अभयपत्र असावें, तसा कांहींसा प्रकार स्तनाच्या कर्करोगांत घडतो.

शरीरांत टी-पेशी अहोरात्र गस्त घालीत असतात. परंतु पहारेकरी अनावर झाला तर घरच्याच माणसांवर हात टाकील. म्हणून निसर्गानें त्याला आवरण्याची योजनाहि केली आहे. टी-पेशीच्या अंगावर पीडी-१ नांवाचें प्रथिन असतें. समोरच्या पेशीनें पीडी-एल१ हें प्रथिन पुढें केलें कीं, दोहोंची गांठ पडते आणि टी-पेशीचा जोर ओसरतो. पीडी-१चा शोध १९९२ सालीं जपानांतील क्योटो विद्यापीठांत तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेंत लागला. २०१८चें नोबेल पारितोषिक त्यांना व अमेरिकेच्या जेम्स ॲलिसन यांना मिळालें.

पीडी-एल१ घडविण्याचा मजकूर नवव्या गुणसूत्रावरील एका जनुकांत असतो. तो निरोगी पेशींतहि आहे. मग कर्कपेशींत त्याचें वाचन इतक्या जोरानें कां व्हावें? एक कारण बाहेरचें. टी-पेशी हल्ला चढवितांना इंटरफेरॉन-गॅमा हें द्रव्य सोडतात. त्याचा निरोप कर्कपेशीच्या केंद्रकापर्यंत पोहोंचतो आणि तें जनुक जागें होतें. म्हणजे हल्ल्याची वर्दीच बचावाची ढाल उभी करते! दुसरें कारण घरांतलें. पेशीच्या वाढीला लगाम घालणारें पीटीईएन हें जनुक हरवलें, तर पहारेकरी समोर नसतांहि अभयपत्रें निघूं लागतात.

हा भेद केवळ पंडितांच्या चर्चेचा नाहीं. स्तनकर्करोगाच्या शेंकडा १० ते १५ रुग्णांत संप्रेरकांचे दोन्ही ग्राहक आढळत नाहींत व एचईआर२ हें प्रथिनहि वाढलेलें नसतें. त्यामुळें त्यांवर बेतलेलीं औषधें तेथें चालत नाहींत. अशा रुग्णांना पीडी-१ झांकून टाकणारें पेम्ब्रोलिझुमॅब देतात. रोग दूरवर न पसरलेल्या ११७४ रुग्णांच्या चांचणींत तें केमोथेरपीसह व शस्त्रक्रियेनंतरहि दिलें, तेव्हां पांच वर्षांनीं शेंकडा ८६.६ रुग्ण हयात होते. तें न मिळालेल्यांत हें प्रमाण ८१.७ होतें. येथें पीडी-एल१ आढळो वा न आढळो, लाभ झाला. रोग पसरलेल्यांत मात्र तें भरपूर असणाऱ्यांनाच तो स्पष्ट दिसला.

म्हणून अभयपत्र सांपडलें एवढ्यावर भागत नाहीं. तें कोणाच्या हुकमानें निघालें, हें ओळखावें लागतें. इंटरफेरॉनच्या हुकमानें निघालें असेल, तर पहारेकरी दाराशीं आलेलेच आहेत. त्यांचे हात मोकळे केले म्हणजे झालें. पण ते दाराशीं आलेच नसतील, तर औषधानें हात मोकळे करावेत ते कोणाचे?