मोजल्या मिठाला जागावे

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मीठ हा आपल्या भाषेत मोठ्या मानाचा पदार्थ आहे. खाल्ल्या मिठाला जागावे, असे आपण म्हणतो. रंगात आलेल्या कामात कुणी मिठाचा खडा टाकला, तर त्याला बोल लावतो. मीठमिरची लावून सांगणाऱ्याची गोष्ट आपण आवडीने ऐकतो, पण त्याच्या साक्षीवर निवाडा करत नाही. आज मी ज्या मिठाविषयी बोलणार आहे, ते खाण्याचे नाही. ते घरात समुद्र तयार करण्याचे मीठ आहे.

माझा भाचा अमेरिकेत ओहायो राज्यात असतो. त्याचे बालपण हर्णैच्या किनाऱ्यावर गेले आणि नोकरी लागली ती समुद्रापासून शेकडो मैल दूर. तिथे त्याने दिवाणखान्यात काचेच्या टाकीत समुद्र मांडला आहे. त्यात मासे आहेत, पण त्याचा खरा जीव प्रवाळांत. तिकडचे हौशी लोक टाकीत वाढलेल्या प्रवाळाचे तुकडे एकमेकांना देतात आणि आपण तुळशीचे रोप लावावे तसे ते लावतात. आपल्याकडे २००१ पासून प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे कडक संरक्षण आहे. मालवणच्या समुद्रातले प्रवाळ पाण्यातच पाहायचे, घरी आणायचे नाहीत, आणि ते योग्यच आहे.

भाच्याने पहिल्यांदा सांगितले, ''मामू, मी बादलीत समुद्र कालवतो,'' तेव्हा मी विचारले, ''मग वाण्याकडचे मीठ का नाही चालत?'' याचे उत्तर आपल्या मिठागरातच आहे. वाफ्यातले पाणी उन्हाने आटते, तेव्हा खायचे मीठ खडे होऊन बसते. मॅग्नेशियम आणि पोटॅशियम बरेचसे उरलेल्या कडवट पाण्यात राहतात आणि ते पाणी आपण सोडून देतो. म्हणजे ताटात येते तो समुद्राचा एक भाग, सगळा समुद्र नव्हे. एक किलो समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यातले सोडियम आणि क्लोराइड मिळून सुमारे ८५ टक्के. उरलेल्या थोड्या भागावर प्रवाळाचे घर उभे राहते. लिटरमागे सुमारे ४१० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तेवढ्यावर तो आपला चुन्याचा सांगाडा बांधतो.

ही खटपट जुनी आहे. लंडनपर्यंत समुद्राचे पाणी वाहून आणणे जिकिरीचे, म्हणून फिलिप हेन्री गॉस या इंग्रज निसर्गअभ्यासकाने १८५४ मध्ये साधे मीठ, एप्सम सॉल्ट, मॅग्नेशियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड असे चार क्षार पाण्यात मिसळले आणि त्या पाण्यात समुद्री वनस्पती व प्राणी जगवून दाखवले. आपली कृती त्याने वजनांसह छापून टाकली. पुढे १८७२ ते १८७६ या काळात 'चॅलेंजर' जहाजाने जगभरच्या समुद्रांतून पाणी आणले. त्यातले ७७ नमुने विल्यम डिटमार या रसायनशास्त्रज्ञाने तपासले. पाणी कुठे जास्त खारे, कुठे कमी, पण मुख्य क्षारांचे आपसातले प्रमाण जवळजवळ सगळीकडे तेच निघाले. म्हणून कृत्रिम मिठाला कसोटी मिळाली. कारखान्याचा दावा काही असो, ताडून पाहायला समुद्र आहे.

आज हे मीठ पिशव्यांतून आणि बादल्यांतून विकले जाते. प्रत्येक बादलीवर निळे पाणी आणि रंगीत प्रवाळ छापलेले. आत काय आहे ते डोळ्यांना कळत नाही. काही उत्पादक प्रवाळ झपाट्याने वाढावेत म्हणून कॅल्शियम आणि क्षारता मुद्दाम वाढवतात, काही समुद्राच्या जवळ राहतात. एकाच उत्पादकाच्या दोन घाण्यांतही फरक पडू शकतो. म्हणून भाच्याच्या गावातल्या हौशी मंडळींनी ठरवले, आपणच तपासू.

तपासणीची रीत मला फार आवडली. सगळे क्षार काढून टाकलेले पाणी घ्यायचे. मीठ पाण्यात टाकायचे, मिठावर पाणी ओतायचे नाही, नाहीतर कॅल्शियम चुन्यासारखे खाली बसते आणि पाणी गढूळ होते. एक दिवस पाणी ढवळत ठेवायचे. तापमान आणि खारेपणा सगळ्यांनी एकच ठेवायचा. मग नळीत एकेक थेंब औषध टाकत गुलाबी पाणी निळे होईपर्यंत थेंब मोजायचे. त्यावरून कॅल्शियम कळते. मिठाच्या पुड्यांवर नाव नाही, नुसता क्रमांक. कोणता क्रमांक कोणाचा, हे एकाच माणसाला ठाऊक, आणि तो मोजणीला बसत नाही.

त्या माणसाने आणखी एक केले. कुणाला न सांगता एकच पाणी दोन क्रमांकांखाली सगळ्यांना दिले. ज्यांच्या दोन आकड्यांत मोठा फरक आला, त्यांना आधी आपला हात आणि डोळा सुधारावा लागला. मिठाचा दोष काढण्याआधी मोजणाऱ्याचा दोष काढायचा! आणखी एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. वाहतुकीत बादली हलते, जड आणि हलके कण वेगळे होतात, त्यामुळे वरचे मीठ आणि तळचे मीठ सारखे राहत नाही. तेव्हा पुडी बांधण्यापूर्वी बादली चांगली गडगडवायची.

खरी परीक्षा पुढेच होती. एका विक्रेत्याने मंडळींना तपासणीसाठी मीठ फुकट दिले. घ्यावे की न घ्यावे, यावर एक संध्याकाळ वादात गेली. खाल्ल्या मिठाला जागायचे तर त्या माणसाविरुद्ध लिहायचे कसे? शेवटी ठरले, मीठ घ्यायचे, पण कुणी फुकट दिले ते सगळ्यांना सांगायचे, आणि निघतील ते सगळे आकडे जसेच्या तसे मांडायचे. क्रमांकांची नावे उघडली, तेव्हा भाच्याचे वर्षानुवर्षांचे लाडके मीठ मधेच कुठेतरी होते. तो म्हणाला, ''मामू, माझी टाकी छान दिसते, ती या मिठामुळे, असे मी दहा जणांना सांगत होतो.'' टाकी छान दिसण्यामागे दिवे असतात, पाण्याचा प्रवाह असतो, रोजची निगा असते. बरे दिसणे हा पुरावा नव्हे.

शास्त्रज्ञही या वाटेने गेले आहेत. रोनाल्ड शिमेक या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञाने हौशी लोकांनी पाठवलेले टाक्यांचे पाणी प्रयोगशाळेत तपासून २००२ मध्ये निष्कर्ष छापले. पुढच्या वर्षी ताज्या कालवलेल्या निरनिराळ्या मिठांच्या पाण्यात त्याने सी-अर्चिन या काटेरी समुद्री प्राण्याचे डिंभक वाढवून पाहिले. सगळ्या पाण्यांत ते सारखे जगले नाहीत. त्यावर मोठा वाद झाला, पद्धतीवर आक्षेप आले. मला त्यात वावगे काही दिसत नाही. आकडे उघडे ठेवले की वादसुद्धा कामाचा होतो. झाकलेल्या आकड्यांवर फक्त भांडण होते.

कुणी म्हणेल, सातासमुद्रापलीकडच्या श्रीमंतांचा हा छंद, आपल्याला काय त्याचे? कोकणात किनाऱ्यालगतच्या कितीतरी विहिरींचे पाणी उन्हाळ्यात मचूळ होते. कुणी म्हणते यंदा जास्त खारट झाले, कुणी म्हणते पूर्वीही असेच होते. वाद रंगतो आणि पाऊस पडला की विरून जातो. गावातल्या चार मुलांनी दर महिन्याला, ठरल्या दिवशी, ठरल्या खोलीवरचे पाणी काढून त्याचा खारेपणा मोजला आणि शाळेच्या फळ्यावर लिहिला, तर दहा वर्षांनी त्या गावाकडे सांगण्यासारखे काही असेल. ज्याच्या वाडीत पंप जोरात चालतो त्याला तो आकडा कदाचित आवडणार नाही. तरी तो पुसायचा नाही.

खाल्ल्या मिठाला जागणे ही आपल्या वाडवडिलांची शिकवण, ती मोठीच आहे. तिच्याशेजारी मोजल्या मिठाला जागणेही ठेवावे, एवढेच माझे म्हणणे.