थंडीत ईव्हीची रेंज जाते कुठे? हिशोब सोयगाव ते संभाजीनगरचा

हेडफोन लावले असतील तर सुरू करू.

थंडी पडली की एक प्रश्न हमखास येतो. "दादा, दिवाळीच्या आधी गाडी फुल चार्जला 190 दाखवायची, आता 165 दाखवते. बॅटरी गेली का?"

नाही, बॅटरी गेलेली नाही. ती फक्त आखडली आहे. पण पहाटेच्या अंधारात घरचं माणूस घेऊन दवाखान्यात निघायचं असेल, तर हे 25 किलोमीटर कुठे गेले ते माहीत असलेलं बरं.

आधी बॅटरीच्या आत काय होतं ते बघू. लिथियमचे कण एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला एका द्रवातून जातात. गारठ्यात खोबरेल तेल बाटलीत कसं थिजतं? तसा हा द्रव पार गोठत नाही, पण दाट होतो. कण हळू सरकतात, आतला अडथळा वाढतो आणि थोडी वीज तिथेच खर्ची पडते. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांमध्ये एलएफपी प्रकारची बॅटरी असते. ती टिकाऊ आहे, उन्हाला बरी आहे, पण थंडीत जरा जास्त सुस्तावते. ऊन चढलं, गाडी चालली, की पुन्हा ताळ्यावर येते.

पण खरा चोर बॅटरीत नाहीच. तो डॅशबोर्डवर आहे, हीटरच्या बटणात!

पेट्रोलचं इंजिन म्हणजे एक चूलच असते. इंधनातली निम्म्याहून जास्त ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते, त्यातलीच थोडी आत सोडली की गाडी ऊबदार. फुकटात काम. इलेक्ट्रिक मोटर फारच थोडी ऊर्जा वाया घालवते, म्हणून उबेसाठी बॅटरीतून वेगळी वीज मोजावी लागते.

अमेरिकेतल्या ट्रिपल ए या वाहनचालक संघटनेने 2019 साली पाच गाड्या तपासल्या. उणे 7 अंशांच्या आसपास, हीटर बंद असताना रेंज सरासरी 12 टक्के घटली. हीटर लावल्यावर? 41 टक्के. म्हणजे थंडीपेक्षा उबेचं बिल मोठं.

आता म्हणाल, सोयगावात कुठे उणे 7? बरोबर. आपल्याकडे जानेवारीच्या पहाटे पारा 10 च्या आसपास येतो, कधी त्याच्याही खाली. म्हणून आपला हिशोब आपणच करू. वही नको, फक्त ऐका.

समजा गाडीची बॅटरी 24 युनिटची. युनिट म्हणजे लाईट बिलातलंच युनिट. पहाटे 4 ला सोयगावातून निघालो, वेताळवाडीच्या किल्ल्याजवळून हळदा घाट चढलो, उंडणगाव, सिल्लोड करत संभाजीनगरच्या घाटी दवाखान्यात. अंतर साधारण 105 किलोमीटर धरू, वेळ अडीच तास.

साध्या दिवसात एका युनिटला साडेसात किलोमीटर धरले तर 14 युनिट लागतात. दीड टनाची गाडी 300 मीटर वर चढवायची तर आणखी सव्वा युनिट. मग सुस्तावलेली बॅटरी. 10 अंशांची हवा 40 अंशांच्या हवेपेक्षा दहाएक टक्के दाट, ती कापत जायचं. दुपारी 30 अंशांत भरलेली टायरची हवा पहाटे तीनेक पीएसआयने उतरलेली. या सगळ्यांचं मिळून दीड युनिट धरा. झाले जवळपास 17. उरले 7 युनिट. निवांत पोहोचलो.

आता हीटर फुल लावा. 2 किलोवॅट गुणिले अडीच तास, म्हणजे 5 युनिट. एकूण 22. उरले 2 युनिट! शहराच्या वेशीवर स्क्रीन लाल, मागच्या सीटवर पेशंट.

आकडे तुमच्या गाडीप्रमाणे बदलतील, पण एक गोष्ट बदलणार नाही. हीटर किलोमीटरवर नाही, तासावर खातो. घाटात ट्रकमागे अडकलात, धुक्यात हळू चाललात, तरी त्याचं मीटर चालूच.

मग करायचं काय?

एक, चार्जिंग अशा वेळी लावा की निघायच्या थोडं आधी संपेल. चार्ज होताना बॅटरी जराशी कोमट होते. मात्र 15 अँपिअरच्या सॉकेटवर 24 युनिट भरायला आठ-नऊ तास लागतात. रात्री लाईट जाते हे धरूनच लवकर लावा.

दोन, प्लग लावलेला असतानाच दहा मिनिटं हीटर चालवा. ती ऊब घरच्या विजेची, बॅटरीची नाही.

तीन, वाटेत गोधडी, शाल, कानटोपी. आजीला हे सांगावं लागत नाही! हीटर काच पुसण्यापुरता. पेशंटला ऊब हवीच असेल तर खुशाल लावा, पण मग मधला चार्जर आदल्या दिवशीच अ‍ॅपवर बघून ठेवा. आणि जीवावर बेतलं असेल तर रेंजचा विचार नको, थेट 108 ला फोन.

चार, टायरची हवा सकाळी गार टायरवर तपासा.

स्कूटरवाल्यांनो, तुम्हाला हीटर नाही, त्यामुळे तुमची घट थोडीच. मात्र गारठलेली बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नका, तासभर घरात ठेवा.

थंडीला घाबरून ईव्ही नको म्हणणाऱ्यांना एवढंच सांगा, बर्फाच्या नॉर्वेत 2024 साली विकलेल्या नव्या गाड्यांपैकी जवळपास 89 टक्के पूर्ण इलेक्ट्रिक होत्या.

आपली खरी परीक्षा मे महिन्यात असते. थंडी रेंज उसनी नेते आणि दुपारपर्यंत परत करते. ऊन मात्र बॅटरीचं आयुष्यच खातं, ते परत येत नाही. म्हणून जानेवारीत शाल शोधा आणि मे महिन्यात गाडीला लिंबाची सावली.

उन्हाचं सविस्तर पुढच्या भागात. तोवर तुमच्या गाडीचे पहाटेचे आणि दुपारचे आकडे लिहून ठेवा, कामाला येतील. भेटू!