मग टाकावा कुठे?

(सरपंच, ग्रामसेवक व शिक्षक यांच्या प्रशिक्षण वर्गातील भाषणाचा मजकूर)



सूचनाफलकांच्या भाषेवर बोलण्याचा माझा अधिकार एवढाच की, असे पुष्कळ फलक मी स्वतः लिहून दिले आहेत. "येथे कचरा टाकू नये. हुकुमावरून." हे वाक्य आपल्या भिंतींना पाठ झाले आहे. व्याकरणदृष्ट्या त्यात खोट नाही. परंतु हे कोण बोलत आहे, आणि कोणाशी? हुकूम कोणाचा? 'कारवाई करण्यात येईल' म्हणजे कोणाकडून? आपल्या कार्यालयीन मराठीला कर्ता लपविण्याची भारी हौस. टिपणीत ती खपून जाते, भिंतीवर खपत नाही.

काही वर्षांपूर्वी एका बाजाराच्या गावी माझ्याच मजकुराचा फलक पाहावयास गेलो होतो. अक्षर सुबक, आणि खाली गुडघाभर भाजीपाला कुजत पडलेला. शेजारीच भाजी विकीत बसलेल्या आजींना विचारले, "आजी, इथे काय लिहिलंय, ठाऊक आहे का?" त्या म्हणाल्या, "नातवानं वाचून दावलंय की, सायेब. पर टाकायचा कुठं, ते न्हाई लिवलं." मी निरुत्तर झालो. त्या बाजारात एकही कचरापेटी नव्हती आणि लिहिण्यापूर्वी ते पाहण्याची तसदी मी घेतली नव्हती.

दुसरी चूक सहज ध्यानात येत नाही. "नागरिक सर्रास कचरा टाकीत असल्याचे निदर्शनास आले आहे" अशी आपण प्रस्तावना करतो. अमेरिकेत ॲरिझोना राज्यातील एका राष्ट्रीय उद्यानात लाकडाचे अश्मीभूत तुकडे पर्यटक उचलून नेत. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे वेगवेगळे फलक लावून पाहिले. 'पूर्वी अनेकांनी तुकडे नेले' असे सांगणाऱ्या फलकापाशी खुणेच्या तुकड्यांपैकी सुमारे ८ टक्के गेले. 'कृपया नेऊ नका' एवढेच सांगणाऱ्या फलकापाशी २ टक्क्यांहूनही कमी. सगळेच नेतात म्हटल्यावर मी एकट्यानेच का मागे राहावे?

टेक्सास राज्याने १९८६ साली महामार्गांवरील कचऱ्याविरुद्ध जी घोषणा आणली तिचा आशय, 'टेक्सासच्या वाटेला जाऊ नका', असा होता. मूळ इंग्रजी शब्दात घाण करणे आणि खोडी काढणे हे दोन्ही अर्थ आहेत. धावत्या गाडीतून डबे भिरकावणाऱ्या तरुणांच्या प्रांताभिमानालाच तिने हात घातला. ही घोषणा भाषांतरित करून चावडीवर लावावी, असे मात्र मी मुळीच सुचवीत नाही!

त्या बाजारातील फलक आम्ही पुढे बदलला. "भाजीचा पाला पिंपळाजवळच्या खड्ड्यात टाका. खड्डा दर शनिवारी उपसला जाईल. – तुमची ग्रामपंचायत." 'उपसला जाईल' यावर एका शिक्षकांनी मला तेथल्या तेथे धरले, "साहेब, कोणाकडून?" तेव्हा 'आम्ही उपसू' असे लिहिले. त्या सहीमुळे पंचायतीला दर शनिवारी माणूस पाठवावा लागला. पाला आता खड्ड्यात पडतो. प्लॅस्टिकच्या पिशव्या अजून फलकाखालीच असतात, कारण त्या कुठे टाकाव्यात हे आम्ही अद्याप ठरविलेले नाही.